वाट आधी, दुकान मग

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. मुंबईचा श्वास कोंडू लागला होता आणि खाडीपलीकडे ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या ३४४ चौरस किलोमीटर परिसरात नवे शहर उभे करायचे ठरले होते. ते शहर, नवी मुंबई, आज उभे आहे. या स्थापना दिनाच्या निमित्ताने किती घरे बांधली, किती भूखंड विकले, विमानतळामुळे भाव कुठवर जातील, याचे हिशेब मांडले जातील. आम्हाला त्या शहरातल्या एकाच वास्तूबद्दल बोलायचे आहे, कारण पुढल्या दहा-वीस वर्षांत महाराष्ट्रातली अनेक स्थानके तिच्याच वळणावर जाणार आहेत. ती वास्तू म्हणजे हार्बर मार्गावरचे सीवूड्स-दारावे स्थानक आणि त्याला अंगाला अंग लावून उभा असलेला मॉल.

संध्याकाळी पनवेलकडे जाणारी लोकल या स्थानकात रिकामी होते तेव्हा दारापाशी थोडा वेळ उभे राहावे. फलाटावरून वर आलेला लोंढा दोन वाटांनी फुटतो. काही जण बस आणि रिक्षाकडे वळतात, तर काही जण रस्त्यावर पाय न ठेवता थेट मॉलमध्ये शिरतात. खांद्याला डब्याची पिशवी अडकवलेला कारकून, गणवेशावर ओढणी घेतलेली परिचारिका, एका कॉफीत चौघे भागवणारे कॉलेजचे विद्यार्थी. सरकत्या जिन्यासमोर एखादी आजी थबकते, लुगड्याचा काठ सावरते आणि नातवाने हात धरल्यावर हिय्या करून पाऊल टाकते. कुणाला वाणसामान घ्यायचे असते, कुणाला सिनेमा गाठायचा असतो, कुणी दिवसभराच्या उकाड्यानंतर नुसते गारव्याला टेकलेले असते. यातले कितीतरी लोक काहीही विकत न घेता पलीकडल्या दाराने घरी जातात.

आमच्या मते ही वास्तू जोखायची ती याच माणसांवरून. स्थानकाला जोडलेल्या मॉलची खरी परीक्षा त्यातली खरेदी किती झाली ही नाही; काहीही न घेणाऱ्याला तिथून किती सहज, किती सुरक्षित आणि किती सन्मानाने जाता येते, ही आहे. दुकानदारीला आमचा विरोध नाही. स्थानकावर दुकाने असलीच पाहिजेत. पण सार्वजनिक वाहतुकीच्या खांद्यावर उभ्या राहिलेल्या बाजाराचे पहिले देणे प्रवाशाला असते आणि ते कागदावर लिहून घ्यावे लागते. आपण नेमके तेच लिहून घ्यायला विसरतो.

सीवूड्सचा प्रयोग धाडसी होता, हे आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सिडकोने स्थानक आणि त्याभोवतालची सुमारे ४० एकर जमीन एकत्रितपणे विकासासाठी काढली. २००८ साली लार्सन अँड टुब्रोने अठराशे कोटी रुपयांच्या घरातली बोली लावून हे काम मिळवले. चालू रेल्वेमार्ग न थांबवता त्याच्या अवतीभोवती आणि डोक्यावर बांधकाम करणे हे स्थापत्याच्या दृष्टीने सोपे काम नव्हते. २०१७ साली सुमारे दहा लाख चौरस फुटांचा मॉल लोकांसाठी खुला झाला. पुढे त्याची मालकी नेक्सस समूहाकडे गेली आणि २०२३ साली नेक्सस सिलेक्ट ट्रस्टची शेअर बाजारात नोंदणी झाली, तेव्हा त्या ट्रस्टच्या मॉलांमध्ये हाही होता. म्हणजे दारावे गावाच्या शिवारातल्या या वास्तूच्या भाड्यात आज देशभरातले गुंतवणूकदार वाटेकरी आहेत.

मुंबईतल्या मॉलच्या इतिहासात हे पाऊल किती मोठे आहे ते समजण्यासाठी १९९९ साल आठवावे. हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स उघडला तेव्हा आत शिरण्यासाठी मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेशशुल्क भरा, असा नियम होता. त्या काळी मोबाइल खिशात असणे हीच श्रीमंतीची खूण होती. टीका झाल्यावर तो नियम गेला, पण त्यामागची वृत्ती बराच काळ टिकली. मॉल म्हणजे गाडीतून उतरणाऱ्यांची जागा आणि लोकलमधून उतरणाऱ्यांनी ती बाहेरून पाहायची, अशी ती वृत्ती. सीवूड्सने निदान रचनेच्या पातळीवर ही उतरंड मोडली. इथे लोकलचा प्रवासी पुढल्या दाराने येतो. ही गोष्ट लहान नाही आणि तिचे श्रेय सिडकोला दिलेच पाहिजे.

मात्र ही कल्पना कुणा एका विकासकाच्या डोक्यातून निघालेली नाही. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. सार्वजनिक वाहतुकीच्या कण्याभोवती वस्त्या रचायच्या, हे तिचे सूत्र होते. सिडकोच्या आराखड्याने ते स्वीकारले. मे १९९२ मध्ये खाडी ओलांडून लोकल वाशीला पोहोचली. पुढच्या वर्षी ती बेलापूरला गेली. या मार्गाच्या खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला आणि ३३ टक्के रेल्वेने. वाशी, बेलापूर ही स्थानके पाहावीत. त्यांच्या डोक्यावर कार्यालयांची मोठमोठी संकुले उभी आहेत, कारण स्थानकावरची जागा विकून रेल्वेचा खर्च भरून काढायचा, हा विचार आरंभापासूनच होता.

पण खर्च केवळ जागा विकून निघालेला नाही. या मार्गावरच्या प्रवाशांनी वर्षानुवर्षे तिकिटावर आणि पासावर सिडकोचा अधिभार भरला आहे. नेरुळला राहून फोर्टात नोकरी करणाऱ्या माणसाने दरमहा पास काढताना थोडीथोडी करून या रेल्वेची किंमत चुकती केली. आणि ज्यांच्या जमिनींवर हे सारे उभे राहिले, त्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी चुकवलेली किंमत तर पैशात मोजता येण्यासारखी नाही. भातशेती आणि मिठागरे गेली. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात आंदोलन पेटले आणि गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. सीवूड्सच्या नावाला दारावे हे गावाचे नाव जोडलेले आहे, ते या इतिहासाची आठवण म्हणून रोज उच्चारले गेले पाहिजे.

तेव्हा हिशेब असा आहे. जमीन गावांची, पैसा बव्हंशी जनतेचा, अधिभार प्रवाशांचा आणि गर्दी लोकलने आणलेली. स्थानकावरच्या दुकानाला जे जास्तीचे भाडे मिळते ते या चौघांमुळे मिळते. विकासकाने धोका पत्करला, उत्तम बांधकाम केले, त्याचा नफा त्याला मिळायलाच हवा. पण नफ्याबरोबर येणारी जबाबदारी कुणी, कशी आणि किती वर्षे पार पाडायची, हा प्रश्न व्यवहार ठरतानाच सोडवायचा असतो. नंतर मालक बदलतात, व्यवस्थापन बदलते आणि ज्याच्याकडे दाद मागायची तो सापडत नाही.

रेल्वे आणि बाजार यांचे नाते जगाला नवे नाही. जपानमध्ये इचिझो कोबायाशी यांनी १९१० साली ओसाकाच्या उमेदाहून निघणारी एक लहानशी विद्युत रेल्वे सुरू केली. तिच्या वाटेवर वस्ती विरळ होती, त्यामुळे प्रवासी मिळण्याची शाश्वती नव्हती. त्यांनी रेल्वेच्या बाजूच्या जमिनी घेतल्या, तिथे घरे बांधली आणि मध्यमवर्गाला परवडावीत म्हणून हप्त्याने विकली. मार्गाच्या दुसऱ्या टोकाला ताकाराझुका येथे करमणुकीची केंद्रे उभारली. आणि १९२९ साली उमेदा स्थानकावरच हान्क्यू डिपार्टमेंट स्टोअर उघडले. रेल्वे कंपनीने स्वतः चालवलेले स्थानकावरचे असे भव्य दुकान जगात त्याआधी नव्हते. आज जगभर स्थानकावर जे मॉल दिसतात त्यांचे मूळ इथे आहे.

याच दुकानातली एक हकिकत आम्हाला फार मोलाची वाटते. १९३० च्या आसपास जगभर मंदी होती. हान्क्यूच्या उपाहारगृहात काही गिऱ्हाइके येत आणि केवळ पांढरा भात मागवत. टेबलावर फुकट ठेवलेला सॉस त्यावर ओतून, लोणच्याच्या फोडीबरोबर तो खाऊन उठून जात. अशा गिऱ्हाइकांना हाकलावे, असे कुठल्याही व्यवस्थापकाला वाटले असते. कोबायाशींनी उलट जाहीर केले, की निव्वळ भात मागवणाऱ्यांचेही इथे स्वागत आहे. आज ज्याच्या खिशात पाच सेनच आहेत तो उद्या नोकरीला लागेल, लग्न करेल, मुलांना घेऊन याच रेल्वेने याच स्थानकावर येईल, हे त्यांना दिसत होते. पण यात धंद्याच्या दूरदृष्टीपेक्षाही काही जास्त होते. स्थानक हे सर्वांचे असते, म्हणून स्थानकावरचे दुकानही कुणाला परके वाटता कामा नये, ही जाण त्यात होती.

हाँगकाँगने हेच नाते पक्क्या हिशेबात बसवले. तिथल्या भुयारी रेल्वेचा पहिला टप्पा १९७९ साली सुरू झाला आणि तेव्हापासून तिथे रेल्वे आणि मालमत्ता एकत्र विकसित होत आल्या आहेत. सरकार रेल्वे कंपनीला स्थानकावरच्या आणि कारशेडवरच्या जमिनीचे विकासहक्क देते. त्यांची किंमत रेल्वे येण्याआधीच्या दराने धरली जाते. रेल्वे आल्यावर भाव चढतो, कंपनी विकासकांशी भागीदारी करते आणि चढलेल्या भावाचा वाटा रेल्वेकडेच येतो. अनेक मॉल कंपनीने स्वतःकडे ठेवले आहेत. म्हणजे दुकानाचे भाडे ज्या तिजोरीत जमा होते, त्याच तिजोरीतून गाड्या चालतात. ही कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असली तरी तिची बहुसंख्य मालकी सरकारकडे आहे. आणि पूल, मार्गिका, जिने यांतून पादचाऱ्यांना वाट खुली ठेवण्याच्या अटी जमिनीच्या करारातच घालण्याची तिथे रीत आहे.

आपल्या पद्धतीत आणि त्यांच्या पद्धतीत मुख्य फरक इथे आहे. आपण भूखंड लिलावात काढतो, सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला देतो, अधिमूल्य एकदा वसूल करतो आणि मोकळे होतो. त्या वर्षी ताळेबंद सुंदर दिसतो. पण पुढे पन्नास वर्षे रेल्वे गर्दी आणत राहते, बस तोट्यात चालत राहते आणि त्या गर्दीवर वाढणारे भाडे भलतीकडेच जाते. नवी मुंबईची परिवहन सेवा आर्थिक ओढाताणीत असते, बसची वाट पाहत लोक ताटकळतात आणि त्याच थांब्यामागे चौरस फुटांचा दर चढत असतो. एकरकमी किमतीच्या मोहात आपण कायमचे उत्पन्न सोडून देतो. शिवाय जितकी मोठी बोली, तितकी विकासकाची वसुलीची घाई मोठी. मग प्रत्येक मोकळा कोपरा भाड्याने द्यावासा वाटतो, बसायचा बाक नकोसा होतो आणि सरळ वाट मुद्दाम दुकानांपुढून फिरवली जाते.

मॉलची कल्पना रुजवणारे व्हिक्टर ग्रुएन हे व्हिएन्नाचे. अमेरिकेत १९५६ साली त्यांनी मिनेसोटा राज्यात साउथडेल हे पहिले पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित खरेदीकेंद्र उभारले. त्यांच्या मनात व्हिएन्नाच्या चौकासारखी माणसांच्या भेटीगाठीची जागा होती. भोवती घरे, शाळा, उद्याने असावीत, असे त्यांचे स्वप्न होते. प्रत्यक्षात भोवती आला तो गाड्यांच्या तळाचा सपाट समुद्र. जगाने त्यांचा मॉल उचलला आणि त्यांचा चौक टाकून दिला. उतारवयात ग्रुएन यांनी अशा मॉलांचे पितृत्व जाहीरपणे नाकारले. जवळपास त्याच काळात, १९५४ साली, स्टॉकहोमजवळ वेलिंगबी या उपनगराचे केंद्र खुले झाले. तिथे आधी भुयारी रेल्वे पोहोचली, मग रुळांवर छत घालून त्यावर दुकाने, चित्रपटगृह आणि चौक रचला गेला. काम, घर आणि केंद्र तिन्ही जवळ असावे, हा तिथला विचार होता. दुकाने दोन्हीकडे होती. एकाने गाडीवाला गृहीत धरला, दुसऱ्याने पायी चालणारा. सत्तर वर्षांनंतर कोणता मार्ग शहाणपणाचा होता, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

वाट विसरून बाजार वाढवला तर काय होते, याची सर्वांत कडू आठवण मात्र परदेशातली नाही. ती आपल्या परळची आहे. गिरणगावातल्या गिरण्या बंद पडल्या. त्यांच्या जमिनींसाठी १९९१ साली जो नियम झाला त्यात एक-तृतीयांश जागा मोकळ्या मैदानांसाठी आणि एक-तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी द्यायची होती. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जागेपुरती उरली. जिथे भोंगे वाजत होते तिथे मॉल, कार्यालये आणि उंच मनोरे आले. हजारो नवे कर्मचारी रोज लोअर परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांवर उतरू लागले. स्थानकांचे पूल मात्र गिरणगावच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस कोसळत असताना एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे गेली. त्यानंतर लष्कराला बोलावून काही महिन्यांत नवा पूल बांधून घेतला. म्हणजे पूल बांधणे अशक्य नव्हते. भोवतालच्या जमिनीतून इतकी संपत्ती निर्माण होत असताना त्यातला काही अंश पुलावर खर्च करावा, असे बंधन कुणावरच नव्हते.

ही आठवण आज काढण्याचे कारण आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये अमृत भारत योजनेखाली देशातल्या ५०८ रेल्वे स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी एकाच दिवशी झाली आणि त्यांत महाराष्ट्रातली अनेक स्थानके आहेत. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणाने मेट्रोमुळे वाढणाऱ्या जमिनीच्या मोलातून पैसा उभा करण्याचा आग्रह धरला आहे. पुणे आणि नागपूर इथे मेट्रोमार्गालगत जादा चटईक्षेत्र देण्याचे धोरण लागू आहे. नवी मुंबईत बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये धावू लागली, जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणला पोहोचली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. उरणच्या गाड्यांमुळे सीवूड्स-दारावे आता केवळ वाटेवरचे स्थानक राहिलेले नाही. जिथे जिथे रूळ जातील तिथे तिथे ‘स्थानकावर मॉल’ हा प्रस्ताव येणार. तो यावा, पण कुठल्या अटींवर, हे आताच ठरले पाहिजे.

यावर काही आक्षेप येतात आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. मॉल ही खासगी मालमत्ता आहे, तिथे सुरक्षेची जबाबदारी मालकाची असते, रात्री-अपरात्री दारे उघडी ठेवली तर घातपात, चोरी, मद्यपी यांचा त्रास कुणी निस्तरायचा, असे विचारले जाते. मुंबईने जे हल्ले सोसले आहेत ते पाहता ही काळजी खरी आहे. पण पहाटे चारच्या सुमारास पहिली लोकल निघते आणि मध्यरात्रीनंतर शेवटची येते. मॉल मात्र उन्हे वर आल्यावर उघडतो आणि रात्री दहाच्या सुमारास मिटतो. पहाटपाळीला निघालेल्या कामगाराने आणि रात्रपाळीहून परतणाऱ्या परिचारिकेने मॉलच्या वेळापत्रकाप्रमाणे चालावे, असे म्हणता येणार नाही. उत्तर रचनेत आहे. दुकानांचा भाग आणि येण्याजाण्याची वाट आराखड्यातच वेगळी असावी, दुकाने बंद झाली तरी वाट उजेडात सुरू राहावी, तिच्यावर पहारा असावा आणि त्या पहाऱ्याचा खर्च देखभालीच्या करारात धरलेला असावा. घर बांधताना आपण शेजाऱ्याच्या वहिवाटीची वाट मोकळी सोडतो. ती दया नसते, त्याचा तो हक्क असतो. स्थानकावरच्या वाटेचेही तसेच आहे.

म्हणून सिडको, रेल्वे, महामेट्रो, एमएमआरडीए आणि महापालिका, ज्या कुणाकडे अशी जमीन आहे त्या सर्वांकडे आमच्या काही स्पष्ट मागण्या आहेत.

पहिली मागणी वाटेची. फलाटापासून स्थानकाच्या दोन्ही बाजूंच्या रस्त्यांपर्यंत सरळ, छताखालची, पायऱ्यांबरोबर उतार आणि उद्वाहक असलेली वाट, पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत, पिशव्यांच्या तपासणीशिवाय खुली असली पाहिजे. काठी टेकत चालणाऱ्याला आणि चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशाला सर्वांत लांबचा फेरा पडू नये. तिची रुंदी पुढल्या तीस वर्षांची गर्दी धरून ठरवावी आणि कुठल्याही परवानगीने त्या रुंदीत नंतर टेबल-खुर्च्या, जाहिरातींचे फलक किंवा विक्रीचे मांडव येऊ नयेत.

दुसरी मागणी जोडणीची. स्थानकाच्या दाराशी सर्वांत जवळची जागा बसची, त्यानंतर रिक्षाची, मग सायकलची आणि सर्वांत शेवटी खासगी गाडीची. आज बऱ्याच ठिकाणी याच्या नेमके उलट दिसते. गाड्यांच्या तळासाठी तळघरांचे मजले खोदले जातात आणि बसथांबा भर उन्हात, चिखलात, रस्त्याच्या पलीकडे असतो. रेल्वेने जोडलेल्या मॉलला गाड्यांसाठी जागा कमीच ठेवू द्यावी आणि त्यातून वाचलेला पैसा बससाठी घ्यावा.

तिसरी मागणी उत्पन्नाची. एकरकमी अधिमूल्य घ्यावे, पण त्याबरोबरच भाड्यातला ठरावीक हिस्सा दरवर्षी स्थानिक परिवहन सेवेला आणि स्थानकाच्या देखभालीला मिळावा. मालकी कितीदा बदलली तरी हे बंधन जमिनीबरोबर पुढे जावे. हा हिस्सा किती आणि तो कुठे खर्च झाला, हे दरवर्षी लोकांसमोर ठेवावे.

चौथी मागणी साध्या गरजांची. पिण्याचे पाणी, बसायला बाक आणि स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृह. मुंबईतल्या बायकांना ‘राइट टू पी’ नावाने चळवळ करून मुतारीचा हक्क मागावा लागला, यातच आपल्या नियोजनाचे दारिद्र्य उघडे पडते. विरार किंवा पनवेलहून दीड तास उभ्याने प्रवास करून उतरलेल्या बाईला स्वच्छतागृहासाठी काही विकत घ्यायचे नाटक करावे लागू नये.

पाचवी मागणी छोट्या विक्रेत्याची आणि ती सर्वांत नाजूक आहे. एल्फिन्स्टनच्या दुर्घटनेनंतर मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. जिने आणि पूल मोकळे राहावेत, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण त्याच दीडशे मीटरच्या आत पक्क्या गाळ्यांचा बाजार भरत असेल, तर भाजीची टोपली, गजऱ्यांची परडी आणि वडापावची गाडी यांनाच तेवढे शहराबाहेर कसे ढकलायचे? २०१४ च्या फेरीवाला कायद्याने त्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे. रेल्वेने २०२२ पासून ‘एक स्थानक, एक उत्पादन’ या नावाने स्थानिक कारागिरांना स्टॉल द्यायला सुरुवात केली आहे. हाच धागा पुढे नेऊन प्रत्येक स्थानक-संकुलात परवडणाऱ्या भाड्याचे ओटे आणि गाळे राखून ठेवावेत. त्यात पहिला मान ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांतल्या बचत गटांचा आणि कोळणींचा असावा. घरी परतणारी बाई स्थानकावरच ताजी मेथीची जुडी आणि बोंबील घेऊ शकली, तर तो बाजार खऱ्या अर्थाने शहराचा होईल.

यातली एकही मागणी स्वप्नाळू नाही. हाँगकाँगने करार लिहून दाखवले, जपानने धंदा करून दाखवला आणि वेलिंगबीने रचना करून दाखवली. सीवूड्सने तर आपल्याच मातीत निम्मी वाट चालून दाखवली आहे. लोकलमधून उतरलेला माणूस आणि गाडीतून उतरलेला माणूस एकाच दिवाणखान्यात आणता येतो, हे तिथे सिद्ध झाले. उरलेली निम्मी वाट वास्तुरचनाकाराच्या हातात नाही. ती निविदेच्या कागदपत्रांत, भाडेपट्ट्याच्या कलमांत आणि ती कलमे मोडली तर दंड करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मेजावर आहे.

सिडकोने पाच दशकांपूर्वी सार्वजनिक वाहतुकीला कणा मानून शहर रचायचे धैर्य दाखवले. त्या धैर्याला शोभेल असा एक निर्णय या स्थापना दिनी घ्यावा. यापुढे स्थानकालगतचा कुठलाही भूखंड देताना प्रवाशाच्या वाटेचे, परिवहनाच्या हिश्शाचे आणि गावकऱ्यांच्या गाळ्यांचे कलम करारात पहिल्या पानावर असेल, असे जाहीर करावे आणि राज्य सरकारने तेच कलम मेट्रो व रेल्वेच्या प्रत्येक प्रकल्पाला बंधनकारक करावे. नागरिकांनीही आपल्या गावात स्थानकाच्या पुनर्विकासाचे चित्र प्रसिद्ध होईल तेव्हा काचेच्या दर्शनी भागाचे कौतुक करून थांबू नये. महापालिकेच्या सुनावणीत उभे राहून विचारावे, की रात्री साडेबाराच्या गाडीने उतरलेली माझी मुलगी इथून घरी कशी जाईल? ज्या आराखड्याकडे या प्रश्नाचे उत्तर नसेल, त्याला मंजुरी मिळता कामा नये.